पास झालेली खिडकी

१

ओर्विल ट्वेटन जळत्या घरातून बाहेर पडला होता, आणि तरी मेला.

नॉरलेक गावाला त्या आठवड्यात हेच गिळता येत नव्हतं. आग काही मोठी नव्हती. तळघराच्या कोपऱ्यातल्या कपडे वाळवायच्या यंत्राने सकाळी दहाच्या सुमाराला पेट घेतला आणि जिना धुराने भरला. म्हाताऱ्याची खोली तळघरातच. मुलगी आर्डिस कामावर गेलेली. ब्याऐंशी वर्षांच्या त्या माणसाने एकही चूक केली नाही. जिन्याकडे धावला नाही. स्टुलावर चढून सुटकेची मोठी खिडकी उघडली, बाहेरच्या खड्ड्यात उतरला, वरचं प्लॅस्टिकचं झाकण ढकलून पाडलं. मग राहिल्या होत्या फक्त शिडीच्या पाच पायऱ्या, आणि शिडीच नव्हती. साडेपाच फूट खोल, गुळगुळीत पत्र्याच्या त्या खड्ड्यात, पायात नुसते मोजे, वर हाडं फोडणारी जानेवारीची थंडी आणि पाठीमागच्या खिडकीतून येणारा धूर. बंबवाल्यांना तो तिथेच सापडला.

कंत्राटदार लोक त्या खड्ड्याला विहीर म्हणतात. तळघराच्या खिडकीपुढची माती खणायची, अर्धगोल पत्रा भिंतीला ठोकायचा, म्हणजे खोलीला उजेड मिळतो आणि माणसाला वाट. विहीर खोल असली तर आत शिडी हवी, पक्की बसवलेली. कायदा आहे तसा. आणि तो पाळला गेला की नाही हे पाहणारा माणूस म्हणजे व्हर्लिन हौगन, गावचा बांधकाम इन्स्पेक्टर. नोकरीला एकतीस वर्षं झालेली, निवृत्तीला दहा आठवडे उरलेले.

तो विहिरीच्या काठाशी उभा होता. शेजारी पाकू वांग. राज्याच्या अग्निशमन खात्याने पाठवलेली ही तपासनीस वयाने त्याच्या मुलीएवढी होती, आणि तिला बडबडीची सवय नव्हती.

"तुमच्या कागदावर शिडी आहे," ती म्हणाली. "इथे नाही."

"कागदावर आहे म्हणजे होती," व्हर्लिन म्हणाला. फाइलमधला फोटो त्याने पुढे केला. "एकोणीस सप्टेंबर. मी स्वतः काढलाय. बघा."

फोटोत नवी कोरी विहीर होती, तळाला धुतलेली खडी, आणि शिडी अगदी स्पष्ट.

पाकूने फोटो पाहिला, मग विहीर पाहिली. "पत्र्याला बोल्टची भोकं दिसत नाहीत."

"काही शिड्या काठावर अडकवायच्या असतात."

"असेल. मग एक तर कुणीतरी ती काढून नेली, नाहीतर…" तिने वाक्य सोडून दिलं. उरलेलं व्हर्लिनला कळत होतं. नाहीतर पास करणाऱ्याने न बघता पास केलं, आणि त्या सहीने माणूस मारला.

"तुम्ही खाली उतरून ती ओढून पाहिली असेलच ना?" तिने विचारलं.

"हो," व्हर्लिन म्हणाला.

ते खोटं होतं.

२

गेल्या सहा वर्षांत तो एकाही विहिरीत उतरला नव्हता. एक कारण गुडघा. दुसरं कारण गावाची रीत, आणि ते गुडघ्यापेक्षा मोठं होतं. नॉरलेकमध्ये ओळखीच्या माणसाच्या कामाला त्याच्या तोंडासमोर हात लावून, हलवून, ओढून बघणं म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखं. असल्या गोष्टी इथे कुणी करत नाही. इन्स्पेक्टर यायच्या आधी अर्धा तास फोन करतो, म्हणजे घरची बाई कॉफी ठेवते, लिंबाच्या वड्या कापते. इन्स्पेक्टर वरून वाकून बघतो, फोटो काढतो, छान झालंय म्हणतो. मग वडी खातो. अशाने आजवर काही बिघडलं नव्हतं, असं तो एकतीस वर्षं स्वतःला सांगत आला होता.

आणि ह्या खिडकीचं काम कंत्राटदार गेलन रॉस्केला मिळालं तेही व्हर्लिनच्याच तोंडून.

मागच्या उन्हाळ्यात आर्डिस चर्च सुटल्यावरच्या कॉफीला त्याच्यापाशी आली होती. ओर्विल दोनदा पडला होता, एकटा राहू शकत नव्हता, आणि वृद्धाश्रमाचं नाव काढलं की जेवण टाकायचा. तिच्याकडे रिकामं होतं ते फक्त तळघर, आणि सुटकेच्या खिडकीशिवाय तळघरात झोपायची खोली करायला परवानगी नाही. शहरातली एक कंपनी पुढच्या वर्षीच्या मे महिन्याच्या आत यायला तयार नव्हती. दुसरा एकजण माप घ्यायला येतो म्हणाला तो आलाच नाही. "तुम्हीच सांगा, कुणाला देऊ?" तिने विचारलं होतं.

"मला नाव घेता येत नाही, आर्डिस," व्हर्लिन म्हणाला होता. "पण गेलनचं काम मी आजवर नापास केलेलं नाही."

नॉरलेकमध्ये ह्यापेक्षा मोठ्याने कुणाची शिफारस करत नाहीत.

आर्डिस चौकस बाई. गेलनला तिने यादीच वाचून दाखवली होती. परवाना कोण काढणार, जमिनीखालच्या गॅसच्या नि विजेच्या लाइनींवर खुणा करून घेणार का, पाण्याचा निचरा कुठे, शिडी धरलीय का. गेलनने सगळ्याला मान हलवली. सप्टेंबरात भिंत कापून खिडकी बसली, सही झाली, म्हातारा खाली राहायला आला.

व्हर्लिनने गाडी तळ्याकडे काढली. बर्फावर गेलनची मासेमारीची खोपटी होती. आत बादली उलटी करून गेलन बर्फाला पाडलेल्या भोकात गळ टाकून बसला होता. दोघं वीस हिवाळे ह्याच बादल्यांवर बसलेले.

"बस," गेलन म्हणाला. "काही लागत नाहीये आज."

"ट्वेटनच्या विहिरीत शिडी नाही, गेलन."

"ऐकलं मी." त्याने गळ हलवला. "मी लावली होती. तुझ्याकडे फोटो आहे."

"म्हणून तर विचारतोय. गेली कुठे?"

गेलनने गळ वर ओढून आमिष बघितलं. "मयताच्या घराबद्दल बोलू नये. पण झाकण पाहिलंस ना तू? ती शिडी काठाच्या वर चार बोटं येते. आर्डिसने बाजारातून साधं सपाट झाकण आणलं, ते शिडीवर बसणार कसं? आणि म्हातारा झाला होता भ्रमिष्ट. औषध दोनदा घ्यायचा, भरदुपारी घराबाहेर चालायला लागायचा. मी तिच्या जागी असतो तर मीही काढली असती."

व्हर्लिनच्या छातीवरचा धोंडा एकदम हलका झाला. त्या हलकेपणाची त्याला लाज वाटली, पण जरा उशिरा वाटली.

"हा तुझा तर्क झाला," तो म्हणाला.

"तर्क कशाला? डेलोरेसला जाऊन विचार. तिने आर्डिसला विहिरीतून काहीतरी ओढून नेताना पाहिलंय."

३

शेजारच्या डेलोरेसबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. धूर बघून बंबाला फोन त्यांनीच केला होता, त्यामुळे आठवडाभर घरात माणसांची रीघ होती आणि त्यांची गोष्ट घोटून घोटून गुळगुळीत झाली होती.

"ऑक्टोबरात बघ, व्हर्लिन. पानं पडत होती. आर्डिस त्या खड्ड्यापाशी गुडघ्यावर बसली होती, आणि मग एक लांबलचक चकचकीत काहीतरी ओढत घराच्या मागे घेऊन गेली."

"शिडी होती?"

"मी काय म्हटलं, लांबलचक, चकचकीत." त्यांनी कॉफी ओतली. "गेलनही हेच विचारत होता. तो म्हणाला शिडीच असणार. असेल बाई. दुसरं काय असतं तिथे?"

"गेलन कधी आला होता?"

"आगीच्या दुसऱ्याच दिवशी. बिचारा फार हळहळत होता."

इथे व्हर्लिनने थांबायला हवं होतं. आगीच्या दुसऱ्या दिवशी गावातलं कुणीच शिडीबद्दल बोलत नव्हतं. ती नाही हे बंबवाले आणि पाकू वांग ह्यांच्याशिवाय कुणाला ठाऊकच नव्हतं. पण बुडणाऱ्या माणसाला काडी मिळाली की तो ती कुणाच्या हातातली आहे हे बघत नाही.

शनिवारी ओर्विलचं दफन झालं. नंतर चर्चच्या खालच्या दालनात जेवण होतं. बटाट्याची भट्टीत भाजलेली हॉटडिश, हॅम, जेलीचं सॅलड. आर्डिस ताटं गोळा करत होती. बाप गेलेल्या बाईने ताटं उचलू नयेत असं सगळे म्हणत होते आणि ती ऐकत नव्हती. व्हर्लिन तिच्यापाशी गेला. बोलायची ती जागा नव्हती, आणि आवाजही बारीक ठेवायला हवा होता. दोन्ही त्याला कळत होतं.

"आर्डिस, ऑक्टोबरात विहिरीतून तू काय काढलंस?"

ती बघत राहिली. "काय?"

"झाकण बसेना म्हणून शिडी काढलीस का? तसं असेल तर आत्ताच सांग. चूक कुणाकडूनही होते."

आजूबाजूचे चमचे थांबले. आर्डिसचा चेहरा आधी कोरा झाला, मग पांढरा.

"पन्हळीचा नळ होता तो," ती म्हणाली. "छपराचं पाणी थेट विहिरीत पडत होतं, म्हणून नळ काढून मागे नेऊन लावला. अजून तिथेच आहे. जाऊन बघा." आणि मग, जणू स्वतःशीच, "बाबा त्या खिडकीतून एकदाच बाहेर पडले होते. तुम्ही आलात त्या दिवशी. तुम्हाला चढून दाखवायचं होतं त्यांना. अंगणात येऊन उभे राहिले, पण तुमची गाडी तोवर निघाली होती. आणि त्याच संध्याकाळी…"

"संध्याकाळी काय?"

तिने ताटांची चळत उचलली आणि आत निघून गेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की आर्डिसने बापाची शिडी काढली. नळाचं कुणी बोललं नाही. व्हर्लिननेही नाही.

४

सोमवारी तो फाइल घेऊन पाकू वांगकडे गेला. तिने नगरपालिकेतली एक रिकामी खोली घेतली होती. टेबलावर विहिरीचे तिचे फोटो, ओर्विलच्या खोलीचा आराखडा, आणि डब्यातला भात अर्धा खाल्लेला.

"नळ मी पाहून आले," ती म्हणाली. "आर्डिसबाई खरं बोलतायत. नव्या जागी स्क्रू गंजायला लागलेत, म्हणजे दोन-तीन महिने झालेत."

"म्हणून शिडी काढली नसेल असं होत नाही."

"नाही होत," ती म्हणाली. "मला एक सांगाल का? मी आगीचं शिकलेय, बांधकामाचं नाही. असली विहीर करतात तेव्हा कामाचा क्रम काय असतो?"

असं विचारलं की व्हर्लिन खुलायचा. "आधी खणायचं. मग पत्रा भिंतीला बोल्टने आवळायचा. तळाला निचऱ्याची नळी. मग शिडी. आणि शेवटी खडी, हातभर. खडीत शिडीचे पाय रुतले की ती हलत नाही."

"म्हणजे आधी शिडी, मग खडी."

"कायम. उलटं केलं तर शिडीला आधार कसला?"

पाकूने एकोणीस सप्टेंबरचा फोटो उचलला आणि त्याच्याकडे फिरवून ठेवला. "मग हिचे पाय खडीच्या वर कसे?"

व्हर्लिनने चष्मा लावला. शिडीचे दोन्ही पाय, खालच्या रबरी टोप्यांसकट, धुतलेल्या खडीवर नुसते टेकले होते. घरात दिवा बदलायला शिडी टेकवावी तसे. फोटो त्याचा. त्याने तो चार महिन्यांत दहा वेळा पाहिला होता, आणि पाय एकदाही दिसले नव्हते.

"गेलनची ती पद्धत असेल," तो म्हणाला. आपला आवाज त्यालाच परका वाटला. "तीन वर्षांत त्याने आणखी दहा खिडक्या केल्यात. सगळ्यांचे फोटो माझ्याकडे आहेत. आणून दाखवतो. तो कायम शिडी लावतो."

"आणा," पाकू म्हणाली.

५

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दस्तऐवजांच्या खोलीत व्हर्लिनने दहा फाइली काढल्या आणि दहा फोटो लांब टेबलावर ओळीने मांडले. अकरावा ट्वेटनचा. ऑसलंडचं घर, शिक्षिकेचं घर, दवाखान्यामागचं ते जुळं घर. कुठे विहीर गोल, कुठे चौकोनी, कुठे पत्रा पांढरा, कुठे करडा. शिडी सगळीकडे होती. त्याला हायसं वाटायला लागलं.

मग तो पुन्हा वाकला. ट्वेटनच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर हिरव्या रंगाचा एक ओघळ होता, बोटाएवढा, खाली जाऊन डावीकडे वळलेला. ऑसलंडच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवरही हिरवा ओघळ होता. खाली जाऊन डावीकडे वळलेला. शिक्षिकेच्या घरीही होता. दवाखान्यामागेही.

त्याने अकराच्या अकरा पाहिले. भिंग आणून पुन्हा पाहिले. विहिरी अकरा होत्या, शिडी एकच.

खुर्ची ओढून तो बसला आणि एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली. पत्र्याला भोकं नाहीत, कारण काहीही कधी आवळलंच नव्हतं. पाय खडीवर, कारण शिडी काम संपल्यावर आणलेली. आर्डिसचं झाकण सपाट, कारण ती बाजारात गेली तेव्हा काठावर काहीच येत नव्हतं. आणि गेलन दुसऱ्याच दिवशी डेलोरेसकडे धावला, कारण विहिरीत शिडी नाही हे बघायला त्याला विहिरीपाशी जायची गरजच नव्हती.

पण शिडी वेळेवर पोचायची कशी? इन्स्पेक्टर कधी येणार हे गेलनला कसं कळायचं?

ह्याचं उत्तर तर लहान पोराने दिलं असतं. व्हर्लिन अर्धा तास आधी घरी फोन करायचा. घरची बाई कॉफी ठेवायची आणि कंत्राटदाराला कळवायची, साहेब निघालेत. तीन वर्षं, अकरा वेळा, चोराला वर्दी द्यायचं काम त्याने स्वतः, मोठ्या अगत्याने केलं होतं. अकरा वेळा तो काठावरून वाकला होता. एकदा जरी खाली हात घालून ओढली असती तर शिडी त्याच्या हातात आली असती.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पाकूकडे एकच फोटो होता, आणि एका फोटोवरून काही सिद्ध होत नाही. दहा आठवडे. त्यानंतर पेन्शन, बायकोला कबूल केलेलं छोटं घर, आणि रविवारी चर्चमध्ये लोकांनी पुढे केलेले हात.

व्हर्लिनने दहा फोटो गोळा केले आणि कोटाच्या आतल्या खिशात घातले.

६

शिडी गेलनच्या शेडमध्ये उघडउघड टांगलेली होती. लपवायचीही तसदी घेतली नव्हती त्याने. तिसऱ्या पायरीवर हिरवा ओघळ.

व्हर्लिनने काही न बोलता फोटो एकेक करून कामाच्या टेबलावर टाकले. गेलनने चार बघितले, पुढचे बघितले नाहीत.

"तीन वर्षांपूर्वी मागवलेल्या शिड्या वेळेवर आल्या नाहीत," तो म्हणाला. "तू तर दुसऱ्या दिवशी येणार होतास. म्हटलं, ही जुनी अडकवू, नंतर येऊन पक्की लावू. तू पास केलंस. मग राहून गेलं."

"अकरा वेळा राहून गेलं?"

"दुसऱ्या वेळी मागवायचीच राहिली." तो खरंच आठवत असल्यासारखा बोलत होता. "पैशासाठी केलं नाही रे मी. त्यात वाचतंय काय? कंटाळा म्हण. दर वेळी वाटायचं, आज हा उतरणार आणि मी मरणार. तू उतरायचा नाहीस. वडी खायचास."



"आर्डिसने काढली म्हणून तू गावभर सांगितलंस," व्हर्लिन म्हणाला.

"डेलोरेसने सांगितलं. आणि चर्चमध्ये सगळ्यांदेखत विचारलं कुणी? मी?" गेलनने फोटो गोळा करून त्याच्याकडे सरकवले. "जाळून टाक हे. तू बोललास तर मी बुडेन, कबूल. पण एकटा नाही बुडणार. सही तुझी आहे."

"आणि ती दहा घरं?"

"लावतो की. मे महिन्यात, बर्फ गेलं की एकेकाकडे जाऊन पक्क्या करून येतो. कुणाला काही कळणार नाही."

"मेपर्यंत ती माणसं तशीच झोपणार?"

"तीन वर्षं झोपतायत. मेलं का कुणी?"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं.

व्हर्लिनने फोटो उचलले. "वीस वर्षं तुझ्या शेजारी बसलो मी," तो म्हणाला. "तू कसा आहेस हे मला आधीच कळायला हवं होतं. आणि तुला कळलंच होतं मी कसा आहे."

शिडी भिंतीवरून काढून त्याने गाडीत घातली. गेलनने अडवलं नाही.

७

पाकू वांगने अकरा फोटो पाहिले, शिडी पाहिली, आणि लिहून घेत गेली. तो थांबला तेव्हा तिने विचारलं, "आणि खाली उतरून ओढून पाहिल्याचं?"

"उतरलो नव्हतो. सहा वर्षांत कुठेच उतरलो नाही. तुमच्याशी खोटं बोललो."

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "काठाशी वाकताना तुम्ही भिंत धरलीत आणि दुसऱ्या हाताने गुडघा. तेव्हाच वाटलं, हा माणूस शिडी उतरून चढणारा नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलता का ते बघत होते. आर्डिसबाईंवर आळ गेला तेव्हा वाटलं, आता बोलतील. नाही बोललात." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे ते जास्त लागलं. "दहा घरांना आज संध्याकाळच्या आत सांगायचंय, तळघरात कुणी झोपू नका म्हणून. पाच मी करते, पाच तुम्ही करा. तुमच्याकडून काम काढून घ्यायचं पत्र उद्या निघेल."

"आधी एका ठिकाणी जायचंय," व्हर्लिन म्हणाला.

आर्डिस बहिणीच्या घरी राहत होती. दार तिनेच उघडलं. त्याला आत घेतलं, खुर्ची दाखवली, पण स्वतः बसली नाही. कॉफीचं विचारलं नाही. नॉरलेकमध्ये व्हर्लिनला कुणी कॉफी विचारली नाही असं पहिल्यांदाच घडत होतं.

त्याने सगळं सांगितलं. काही राखलं नाही. ती खिडकीला टेकून ऐकत होती. शेवटी तो म्हणाला, "तू काही काढलं नव्हतंस. गावाला मी स्वतः सांगेन. उद्याच्या वर्तमानपत्रातही येईल."

"म्हणजे शिडी नव्हतीच."

"एक दिवस होती. दोनेक तास."

आर्डिस खिडकीपासून दूर झाली. मग म्हणाली, "बाबांनी मला सांगितलं होतं."

व्हर्लिनने मान वर केली.

"त्याच संध्याकाळी. म्हणाले, आर्डिस, माझी शिडी कुणीतरी नेली. मी म्हटलं, बाबा, शिडी कोण नेईल? रोज त्यांचं काहीतरी चोरीला जायचं. चष्मा, पाकीट, एकदा तर कवळी. ऑक्टोबरात पुन्हा म्हणाले. त्याच आठवड्यात मी तो नळ काढायला विहिरीवर वाकले होते, व्हर्लिन. आत शिडी नाही हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण मला दिसलं नाही, कारण स्वयंपाकघरात फ्रिजवर तुमचा कागद लावलेला होता आणि त्यावर पास लिहिलं होतं."

हातांचं काय करावं न कळून तिने स्वेटरच्या बाह्या ओढून घेतल्या.

"तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा नाताळ जवळ आला होता. मी कामावरून दमून आले होते. मी म्हटलं, आता पुन्हा शिडीचं नाव काढलंत तर तुम्हाला वृद्धाश्रमात टाकीन."

"मग?" विचारायला नको होतं, पण त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मग त्यांनी नाव काढलं नाही."

व्हर्लिनला म्हणायचं होतं, तुझा दोष नाही. शब्द जिभेवर आले आणि तिथेच राहिले. तिच्या माथ्यावरचा एक आळ त्याने आत्ताच उतरवला होता, आणि त्याच तोंडाने दुसरा चढवला होता. पहिला खोटा होता. दुसरा खरा होता, आणि तो तिच्या जन्माला पुरणार होता.

"त्यांचं डोकं ठिकाणावर होतं," आर्डिस म्हणाली. "मी बापाचं ऐकलं नाही, तुमच्या सहीचं ऐकलं. हे तुम्ही मला सांगितलं नसतं तर फार बरं झालं असतं. आणि सांगितलं नसतं तर तुमचं तोंडही पाहिलं नसतं मी."

"आर्डिस, मला माफ…"

"दहा घरं म्हणालात ना?" तिने त्याचा कोट खुर्चीवरून उचलला आणि त्याच्या हातात दिला. "त्यांतल्या एखाद्या घरातही कुणीतरी सांगत असेल, खाली शिडी नाही म्हणून. आणि घरचे त्याला तुमचा कागद दाखवत असतील. उठा."